मेजावरचा कारागीर



संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारे सीएनसी यंत्र आता मेजावर मावेल एवढे लहान झाले आहे. सुटे भाग आणून ते घरच्या वर्कशॉपातही जोडता येते. दत्तजयंतीच्या यात्रेत दुकानांना लागणाऱ्या नावाच्या पाट्या त्यावर कोरता येतील.

हे काम खेड्यातले नव्हे, असे कुणी म्हणू नये. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तेथे २००२ साली अमेरिकेच्या एमआयटी संस्थेच्या साहाय्याने फॅब लॅब उभी राहिली आणि गावची मुले अशी यंत्रे हाताळू लागली.

यंत्राची मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. आट्यांचा दांडा फेऱ्यागणिक ८ मिलिमीटर सरकवीत असेल, तर एक पाऊल ०.०४ मिलिमीटरचे झाले! पण सांगाडा डुगडुगला किंवा नट सैल असला, तर ही बारकाई वाया जाते. मोटरला भार जड झाला की पाऊल चुकते. साध्या यंत्रास ते कळत नाही आणि पुढची सारी नक्षी सरकते. रांगोळीचा एक ठिपका चुकावा, तसेच हे.

म्हणून बचतीचा पैसा आधी भक्कम सांगाड्यावर घाला, दिखाऊ वस्तूंवर नको. कोपरे गुण्यात आहेत का, ते मोजून पाहा. आणि मोजपट्टी मुलाबरोबर मुलीच्याही हाती द्या.