खेळाचा तास कोणाचा?

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या शुभप्रसंगी मुलांच्या शिक्षणाविषयी दोन शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. वाचन, गणित व परीक्षा यांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. म्हणून मी असा विषय घेतो, की जो वेळापत्रकात असतो, पण पालकांच्या चिंतेत सहसा नसतो. तो म्हणजे माध्यमिक शाळेतील मुलामुलींचे शारीरिक शिक्षण व खेळ. मला सांगावयाचे आहे ते इतकेच, की खेळाचा तास शाळेतील प्रत्येक मुलाचा आहे. आणि तो नीट चालला आहे की नाही, हे पहावयाचे असेल तर बक्षीस मिळविणाऱ्या मुलाकडे न पाहता वर्गातील सर्वांत अशक्त मुलाकडे पाहावे.

आपल्यापैकी कित्येक जण म्हणतील, "फादर, आमची मुले डोंगर चढतात, पाणी वाहतात, मोळ्या आणतात. त्यांना आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील मुलाला कष्ट शिकवावे लागत नाहीत. परंतु कष्ट आणि शारीरिक शिक्षण या दोन वस्तू भिन्न आहेत. डोक्यावर हंडा घेऊन रोज एकाच वाटेने जाणाऱ्या मुलीची मान व पाठ शिणते, पण तिचे सर्व शरीर सारखे वाढत नाही. शारीरिक शिक्षणात दम, बळ, लवचिकपणा व चापल्य ही चारही अंगे क्रमाने वाढवावयाची असतात. श्रमानंतर विश्रांती मिळते, आणि नियम पाळून सोबत्यांबरोबर आनंद मिळतो. ओझे वाहणाऱ्याला हा आनंद कोण देतो? शिवाय याच वयात हाडे भराभर मजबूत होत असतात. ती संधी पुढे पुन्हा तशी येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले आहे, की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी 60 मिनिटे तरी अंगमेहनतीचा खेळ वा व्यायाम करावा, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी दम लागेल असा व स्नायू-हाडे बळकट करणारा व्यायाम त्यात असावा.

दुसरे काही भाविक जन विचारतील, की धर्मगुरूने खेळाची भलावण करावी काय? बंधूंनो, ज्या धर्माचा विश्वास आहे की देवाच्या पुत्राने मानवी देह धारण केला, आणि शेवटच्या दिवशी देहाचेही पुनरुत्थान होणार आहे, त्या धर्माने देहाची हेळसांड कशी करावी? संत पौलाने करिंथकरांस लिहिताना आपल्या देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे, आणि ख्रिस्ती जीवनाला शर्यतीत धावणाऱ्याची उपमा दिली आहे. तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी तर योग्य वेळी व योग्य प्रमाणात खेळणे हा सद्गुणच होय असे प्रतिपादन केले, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ एक जुनी कथा दिली. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असता पाहून काही लोकांना नवल व खेद वाटला. तेव्हा संताने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडावयास सांगितले. त्याने पुष्कळ बाण सोडल्यावर संताने विचारले, की हे असेच अखंड करता येईल काय? तो म्हणाला, तसे केल्यास धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असा बोध संताने केला. ही कथा दूरदेशीची आहे. पण तिचे मर्म आपल्या भिल्ल व पावरा वडीलधाऱ्यांस जितके लवकर समजेल तितके कोणास समजणार नाही. सदा ताणलेल्या बांबूचा जोर ओसरतो, हे त्यांना कोणी सांगावयास नको.

ऑलिंपिक खेळांचे ब्रीद जगभर दुमदुमते: अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक बलाने. ते शब्द 1891 साली फ्रान्समधील एका शाळेच्या क्रीडाप्रसंगी उच्चारणारे फादर हेन्री दिदों हे डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू होते, हे आपल्यातील थोड्यांनाच ठाऊक असेल. 1894 साली ऑलिंपिक चळवळीने ते स्वीकारले, आणि 2021 साली त्यास "एकत्र" हा चौथा शब्द जोडण्यात आला. माझ्या मते आपल्या शाळांनी हा चौथा शब्द सर्वांत आधी शिकावा.

आपल्या मुलांत पराक्रमाची वाण आहे असे मुळीच नाही. छोटा नागपूरचे आदिवासी सुपुत्र जयपालसिंह मुंडा मिशन शाळेत शिकले आणि 1928 साली अॅमस्टरडॅम येथे सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते; पुढे घटना समितीत त्यांनी आदिवासींची बाजू मांडली. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत हिने 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर धावण्यात कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. ही नावे मुलांना अवश्य सांगा. परंतु शंभर मुलांतून अशी एक निघावी म्हणून उरलेल्या नव्व्याण्णवांना कडेला बसवून टाळ्या वाजवावयास लावणे, हे शारीरिक शिक्षण नव्हे.

मग कडेला कोण बसते? पहिली बसते ती मोठी झालेली मुलगी. सातवीपर्यंत जी हरिणीसारखी धावते, ती वयात येताच मैदानावरून नाहीशी होते. कोणी लाजेने, कोणी घरकामासाठी, कोणी "आता शोभत नाही" या एका वाक्याने. दुसरा बसतो दहावीचा विद्यार्थी. त्याचा खेळाचा तास गणिताला दिला जातो, जणू थकलेल्या मेंदूत गणित अधिक शिरते. आणि तिसरे बसते ते आजारी मूल. याच्याविषयी मला जरा विस्ताराने बोलावयाचे आहे.

सातपुड्याच्या आपल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आहे, हे आपण जाणता. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू वा शरीरातील पाणी कमी पडताच विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मुलाला असह्य वेदना होतात. अशा मुलाला भर उन्हात इतरांबरोबर धावावयास लावणे धोक्याचे आहे. त्यास "आळशी" म्हणणे तर अन्यायच आहे. परंतु त्याला जन्मभर भिंतीशी बसवून ठेवणे हाही उपाय नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने, सकाळच्या गारव्यात, आपल्या गतीने, वारंवार पाणी पिऊन व मध्ये विसावा घेऊन तेही खेळू शकते. मात्र दमल्यावर थांबण्याची मोकळीक त्यास असावी, आणि थंड पाण्यात डुंबणे त्याने टाळावे. ज्यांच्यात आजाराचा केवळ एक अंश आहे, ती वाहक मुले सहसा निरोगीच असतात. तरी कडक उन्हात पराकाष्ठेचे श्रम त्यांनाही वर्ज्य समजावे. 1 जुलै 2023 रोजी या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तेव्हा मुलाची तपासणी करून घ्या आणि तिचा निकाल शिक्षकांस एकांतात कळवा. वर्गात तो जाहीर होता कामा नये.

आता खेळ कोणता, असे विचाराल तर खो-खोसारखा गुरू नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली याचे नियम बांधावयास घेतले. आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. दोन खांब आणि सपाट जमीन, एवढेच त्यास लागते. आठ गडी आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून ओळीत बसतात व नववा धावतो. मधल्या रेषेपलीकडे त्यास स्वतः जाता येत नाही. खो देऊन आपली जागा बसलेल्या गड्यास द्यावी लागते. जो एकटाच धावू पाहतो त्याचा संघ हरतो. शेजारप्रीतीचा याहून सोपा पाठ मला धर्मशिक्षणाच्या वर्गातही देता आलेला नाही.

शिक्षकांस विनंती, की तासाचा आरंभ हलक्या धावण्याने व सांधे मोकळे करण्याने व्हावा. मग मुख्य खेळ, आणि शेवटी श्वास शांत होईपर्यंत सावकाश चालणे. पिण्याचे पाणी मैदानावरच असावे. चैत्र-वैशाखात ऊन तापण्यापूर्वी खेळ आटोपावा. जे मूल धावू शकत नाही त्यास गुण मोजण्याचे, पंचाचे किंवा बुद्धिबळाचे काम द्यावे. आणि संघ पाडताना नायकांना गडी निवडावयास लावू नये, कारण शेवटी उरलेल्या मुलाचे दुःख फार खोल असते.

पालकांस विनंती, की मुलीच्या हातचा हंडा आठवड्यातून काही संध्याकाळी भावाच्या हाती द्या, आणि तिला मैदानावर पाठवा. खेळून आलेल्या लेकराला पोटभर भाकरी, डाळ व पालेभाजी मिळेल असे पाहा. उपाशी पोटी व्यायाम म्हणजे कोरड्या दिव्याची वात पेटविणे होय.

राहिले आपले धर्मग्राम. ज्युबिलीची खूण म्हणून पुष्कळ ठिकाणी कमान उभारतात, फरशी बसवितात. तीही शोभेची कामे आहेत. परंतु देवळामागची मोकळी जागा साफ करून, दोन खांब रोवून, रविवारी पवित्र मिस्सा झाल्यावर ती सर्व मुलामुलींस, ख्रिस्ती असोत वा नसोत, मोकळी केली, तर तीही एक ज्युबिलीच होईल. जुन्या करारातील ज्युबिलीच्या वर्षी ज्याची जमीन गेली असेल त्यास ती परत मिळत असे. आपल्या मुलांची गेलेली जमीन म्हणजे ही खेळाची जागा. ती त्यांस परत देऊ या. आणि देताना प्रथम त्यास हाक मारू या, जो आजवर कडेला बसला होता.

प्रभू येशू ख्रिस्त आपल्या लेकरांस निरोगी देह व निर्मळ मन देवो, हीच प्रार्थना.