सिपनेकाठचे पाहुणघर



इमारतींविषयी बोलावयास एखाद्या वास्तुशास्त्रज्ञाला पाचारण करावे हा रिवाज सोडून चालकांनी आज मजूर संघटनेतला माणूस उभा केला आहे. तेव्हा मी इमारतीकडे पाहणार ते पायाच्या बाजूने, म्हणजे जेथे मजूर उभा असतो तेथून. नकाशाची बाजू जाणत्यांनी सांभाळावी.

मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांत त्याची गणना होते. परतवाड्याहून धारणीकडे जाताना, सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीला झाडाचे नाव देणाऱ्या लोकांचा हा मुलूख. येथे वनखात्याचे पर्यटन संकुल आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळजण तेथे मुक्काम करून आले असतील. पाहुण्याने रानात जाऊच नये असे म्हणणाऱ्यांत मी नाही. रान ज्याने पाहिलेच नाही तो त्याच्यासाठी भांडणार तरी कशाला? प्रश्न एवढाच की, तो ज्या घरात निजणार ते घर कसे असावे, आणि कोणाच्या जिवावर असावे.

आधी पाण्याचे पाहू. सातपुड्याचा हा भाग काळ्या पाषाणाचा. वर मातीचा पातळ थर, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक. पावसाळ्यात धो धो कोसळते आणि उतारावरून तितक्याच वेगाने निघून जाते. उन्हाळ्यात नदीची धार तुटते व उरतात ते डोह. मग वाघ, रानगवा, सांबर आणि माणूस, सर्वांचा संसार त्या डोहांवर. आता हिशेब करा. शहरातल्या माणसाला रोजी १३५ लिटर पाणी लागते असे सरकारी मान आहे; खेड्यातल्या माणसासाठी २०१९ च्या जलजीवन मिशनने ५५ लिटरचे मान धरले. समजा, चाळीस पाहुणे उतरले. शहरी मानाने रोज ५,४०० लिटर, खेड्याच्या मानाने २,२००. फरक ३,२०० लिटरांचा, आणि उन्हाळ्याचे नव्वद दिवस धरले तर २,८८,००० लिटरांचा. हे पाणी कोठून तरी उपसलेच पाहिजे. म्हणून घराचा आराखडा काढणाऱ्याने पहिली रेघ ओढावी ती न्हाणीघराची. बादली-तांब्या ठेवला, फवारा काढला, की निम्मे काम झाले. पाहुण्याची थोडी गैरसोय होईल; होऊ द्या.

आलेले पाणी जाते कोठे, हे तर कोणी विचारीतच नाही. भेगाळलेल्या खडकावर शोषखड्डा खणला की मैलपाणी भेगांतून थेट डोहाकडे निघते. काठावर खोली असावी, खिडकीतून नदी दिसावी, ही हौस म्हणूनच महागात पडते. घर काठापासून दूर हवे, आणि शक्य तर आधीच उघडी पडलेली जागा धरावी, जुन्या लाकूड डेपोची किंवा जुन्या इमारतीची. नवे रान मोडून ‘निसर्गरम्य’ निवास बांधणे म्हणजे बैल विकून वेसण घेण्याचा प्रकार.

भिंतींसाठी फार लांब जावयास नको. कोरकूंचे गाव पाहा. मधे सरळ रस्ता, दोन बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी. बांबूचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर कवेलू. कवेलूंच्या सांध्यांतून गरम हवा निघून जाते. सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खोलीत सोडतो. मग गार हवेचे यंत्र आले, त्यामागे जनित्र आले, त्याचा घरघराट आला. बापूंची सेवाग्रामची कुटी १९३६ सालची. माती, बांबू, कवेलू हेच तिचे साहित्य, आणि ती वर्ध्याच्या उन्हात आजही उभी आहे. बांबूला घूण लागते हे खरे. पण त्यावर प्रक्रिया करता येते. धारणीजवळ लवाद्याला सुनील व निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभारले आणि याच भागातल्या माणसांच्या हाती ही विद्या दिली. दिव्यांचे म्हणाल तर ते थोडे, खालच्या अंगाला झाकलेले व पिवळसर असावेत. उघड्या पांढऱ्या दिव्यावर रानातले किडे गोळा होऊन मरतात.

यावर अधिकारी म्हणतात, मातीच्या घराला दरसाल डागडुजी लागते. लागतेच! मी तर म्हणतो, तोच त्या घराचा मोठा गुण. सिमेंटच्या घराचा पैसा एकदाच खर्च होतो, आणि तो कारखानदाराकडे व ठेकेदाराकडे जातो. मातीच्या घराचा पैसा वर्षाकाठी थोडाथोडा लिंपणाऱ्या बाईच्या आणि कवेलू फेरणाऱ्या माणसाच्या हातात पडतो. पावसाळा सरला की कोरकू कुटुंबे मजुरीसाठी पोरांसह घाट उतरतात, होळीला परत येतात. डागडुजीचे काम दिवाळीच्या सुमारास हक्काने मिळाले, तर त्यांतली काही तरी घरी राहतील.

‘हक्काने’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ब्रिटिश अमदानीत वनग्रामे वसविली ती जंगलखात्याला हुकमी मजूर मिळावा म्हणून. रानातली जुनी विश्रामगृहे, उंच जोत्याची व रुंद ओसरीची, दिसावयास देखणी आहेत आणि हवामान ओळखून बांधलेली आहेत. पण त्यांचे दगड कोणी कोणत्या मोलाने वाहिले, हे तेथल्या पाटीवर लिहिलेले नसते. या शतकाच्या आरंभी वाघासाठी म्हणून कोहा, कुंड, बोरी ही गावे हलविली गेली. माणसांची गावे ज्या रानातून उठतात, त्यात पाहुण्यांची गावे वसू नयेत. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. गाभा क्षेत्रात नव्या पर्यटन इमारती नकोत, असे त्यांत आहे. तरी उत्तराखंडात कॉर्बेटच्या रानात काय घडले ते मार्च २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात वाचावयास मिळते. बेकायदा बांधकामे झाली, झाडे तुटली, आणि न्यायालयाला मंत्र्याचे व अधिकाऱ्याचे कान उपटावे लागले.

आता ज्या गोष्टीकडे वास्तुशास्त्रज्ञांचे लक्ष जात नाही ती सांगतो. घर बांधून होईपर्यंत मजूर राहतो कोठे? मुकादम त्याला नदीकाठी पाल ठोकावयास सांगतो. तो चुलीला रानातले लाकूड आणतो, डोहात धुतो, झाडाआड बसतो. पुढे घराचे कौतुक छापून येते, आणि पालांच्या जागी वर्षानुवर्षे काळी राख आणि प्लास्टिक पडून असते. दोष मजुराचा नव्हे. त्याला दुसरे काही दिलेलेच नसते. इमारत बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली जो कायदा झाला, त्याच्या ३४ व्या कलमात मालकाने मजुरांना कामाच्या जागी फुकट तात्पुरता निवारा द्यावा, स्वयंपाक, स्नान व शौचाची सोय करावी, आणि काम संपल्यावर ते सारे स्वखर्चाने काढून जमीन सपाट व स्वच्छ करून द्यावी, असे लिहिले होते. रानाला धक्का न लावणारे बांधकाम कसे करावे यावर मी जे थोडे वाचले आहे, त्यात याहून नेमके वाक्य मला आढळले नाही. आणि ते लिहिले गेले मजुराच्या सोयीसाठी!

म्हणून सेमाडोहसारख्या जागी निविदा निघेल तेव्हा तिच्यात चार कलमे अधिक असावीत. मजुरांच्या निवाऱ्याची जागा नकाशात दाखवावी. चुलीसाठी गॅस ठेकेदाराने पुरवावा. गवंडी व लिंपणारी माणसे आसपासच्या गावांतली घ्यावीत आणि हजेरीपट ग्रामसभेपुढे वाचावा. शेवटचा हप्ता द्यावा तो इमारत पाहून नव्हे, पालांची जागा पाहून.