डांबर कुठवर लावायचं?

केळव्याला समुद्राजवळ माझी छोटी खानावळ आहे, लोखंडी पत्र्यांची. दर मे महिन्यात डांबर फासून मी पावसाळा काढायचो. एक गळती थांबायची, पुढच्या वर्षी दुसरीकडे ठिबकायचं. तिथेच मी समजायला हवं होतं.

१७ मे २०२१. तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि चार पत्रे उडाले. कोरोनाचे निर्बंध होते म्हणून खाली गिऱ्हाईक नव्हतं. पत्रे वाडीत सापडले, बऱ्यापैकी धड. तुटले होते ते हूक! खाऱ्या हवेनं वायसरखाली ते सुतळीएवढे बारीक झाले होते, आणि मी वरून पत्रे रंगवत होतो.

तेव्हा पाना लावून पाहा. एखादा हूक तुटला तर बदला. ओळच्या ओळ तुटत असेल, खालच्या लोखंडाचे पापुद्रे निघत असतील, तर छप्परच बदला. बोईसर-तारापूरकडच्या जुन्या शेडवरल्या सिमेंटच्या पत्र्यांवर मात्र चढू नका. पत्रा फुटून माणूस थेट खाली येतो. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, म्हणून कापाकापीही नको.

मी दिवाळीनंतर काम काढलं. मे महिन्यात फॅब्रिकेटर फोनसुद्धा उचलत नाही.