दूरदेशीचा पैसा आणि घरची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याची सवय नाही. पण "तुमच्या घरचे चौदा वर्षे आखातात होते, तेव्हा परदेशाहून येणाऱ्या पैशावर तुम्हीच बोला," असे चिटणीसबाई म्हणाल्या आणि माझा नाइलाज झाला. चुकलेमाकले पदरात घ्या.

बाहेरून येणारा पैसा आपल्या कोकणाला नवा नाही. माझे मामंजी मुंबईला गिरणीत होते. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की सासूबाई वाण्याची उधारी फेडीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमची मनीऑर्डर थांबली ती कायमचीच. त्यानंतर वर्षभर घरात नवे लुगडे आले नाही, असे सासूबाई सांगत.

मुंबईच्या मागोमाग दुबई, मस्कत, कुवेत ही नावे आपल्या वाडीवाडीत आली. १९९० साली इराकने कुवेत घेतले, तेव्हा एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीयांना परत आणावे लागले. म्हणजे दूरचा पैसा कधी आटेल याचा नेम नाही.

आता मोठा आकडा सांगते. माझ्या मुलाने तो मला वाचून दाखवला. २०२३-२४ या वर्षात परदेशातल्या आपल्या माणसांनी भारतात ११८.७ अब्ज डॉलर पाठवले. रुपयांत धरले तर जवळजवळ दहा लाख कोटी! इतका पैसा जगात दुसऱ्या कोणत्याही देशाला आला नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत त्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकट्या महाराष्ट्रात आला. २०१६-१७ साली शंभरातले ४७ रुपये आखातातून येत. २०२३-२४ साली ३८ आले. शिकलेली मुले अमेरिका, इंग्लंड, सिंगापूरकडे जातात, तिकडचा वाटा वाढला आहे.

ऐकून अभिमान वाटतो. पण भगिनींनो, त्या पैशातले आपल्या घरी काय उरले?

माझेच सांगते. २००६ साली हे निघाले, ते माझ्या पाटल्या गहाण ठेवून. पहिले वर्ष त्या सोडवण्यातच गेले. माझे बँकेत खाते नव्हते, म्हणून पैसे भाऊजींच्या खात्यावर येत. त्यातून घराला स्लॅब पडला, नणंदबाईंचे लग्न झाले, मामंजींचे ऑपरेशन झाले. भाऊजींनी एक पैसा खाल्ला असे मी म्हणणार नाही. पण हिशेब कोणीच लिहिला नाही. २०२० साली कोरोनात यांचे काम सुटले आणि हे परत आले. दुसऱ्या दिवशी पासबुक काढले. चौदा वर्षांतून शिल्लक होते एक्केचाळीस हजार. हे काही बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत ओटीवर बसून राहिले. मला मात्र एक उमगले. खाते काढू नको असे मला कोणी म्हटले नव्हते. मीच कधी विचारले नव्हते.

गेल्या वर्षी मुलगा आयटीआय करून दुबईला गेला. जाण्याआधी त्याला घेऊन मी बँकेत गेले. परदेशात राहणाऱ्या माणसाला एनआरई खाते काढता येते. त्याच्या व्याजावर इथे आयकर नाही. त्यात आईचे किंवा बायकोचे नाव जोडता येते आणि अधिकारपत्र दिले तर तिला घरखर्चासाठी पैसेही काढता येतात. मुलाने तसे अधिकारपत्र मला करून दिले. हुंडीने पैसे पाठवायचे नाहीत, असेही त्याला बजावले. दोन रुपये जास्त मिळतात म्हणतात, पण ते बेकायदा, आणि पैसा बुडाला तर दाद कोणाकडे मागणार?

आलेल्या पैशाचे मी तीन वाटे करते. एक घरखर्चाला, एक कर्ज आणि औषधपाण्याला, एक मुलाच्या नावाने ठेवीत. हा तिसरा वाटा मोडायचा नाही, मग दारात कार्य असो की गणपती. शंभर पानी वहीत सारे लिहिते आणि महिनाअखेर त्याला फोनवर वाचून दाखवते. तो म्हणतो, "आई, मी इथे उन्हात राबतो त्याचे काय होते ते मला कळते, बरे वाटते."

ज्या सुनांचे नवरे बाहेर आहेत, त्यांच्या सासवांना माझी हात जोडून विनंती आहे. वही सुनेच्या हाती द्या. ती पैसा माहेरी नेणार नाही. आणि सुनांनो, सासूबाईंपासून काही लपवू नका. दोघींनी मिळून लिहा. ज्यांना बँकेचा फॉर्म भरता येत नाही त्यांनी माझ्याकडे या. मलाही येत नव्हता.