जुनें किल्लारी आणि नवें किल्लारी

तेरणेच्या परिसरांत, काळ्या जमिनीच्या सपाट मुलुखांत किल्लारी हें गांव वसलेलें आहे. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यांत तें मोडतें. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. मराठवाड्यांतील इतर खेड्यांप्रमाणें येथेंहि पार होता, अरुंद बोळ होते, नीळकंठेश्वराचें देवालय होतें. परंतु जुन्या गांवाचें वैशिष्ट्य पाहावयाचें, तर तें त्याच्या घरांत पाहावें लागे.

दोन-अडीच फूट जाडीची भिंत; बाहेरून एक व आंतून एक असे दगडांचे दोन पदर, मध्यें दगडांचा चुरा आणि मातीचा गारा. आंत लांकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. यालाच माळवद म्हणतात. घर किती मोठें, हें खण मोजून सांगत. अशा घरांत उन्हाळ्यांत गारवा असे, थंडींत ऊब मिळे, चोराचें भय नसे. भिंत जितकी जाड, तितका घरधनी संपन्न, अशी लोकांची समजूत. माळवद गळूं लागलें कीं त्यावर नवी माती पडे. अशा रीतीनें डोक्यावरील ओझें वाढतच जाई.

१९९२ च्या ऑक्टोबरांत जमिनीनें पहिली सूचना दिली. धक्के बसूं लागले आणि भयभीत लोक उघड्यावर निजूं लागले. पुढें धक्के विरळ झाले, तेव्हां माणसें पुन्हां भिंतींच्या आश्रयाला गेलीं. त्यांना दोष कोण देईल? भूकंपाच्या तत्कालीन नकाशांतहि हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं ती समजूत कोसळली. अनंत चतुर्दशीचें गणेश-विसर्जन आटोपून गांव झोपीं गेलें होतें. लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या जिल्ह्यांत मिळून ८,००० ते १०,००० माणसें दगावलीं असावींत. भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधलेले नव्हते. ते फुटून अलग झाले, आणि निजलेल्या माणसांवर दगडमाती आली. पुष्कळ ठिकाणीं लांकडी सांगाडा उभा राहिला, भिंती तेवढ्या पडल्या. ज्या जाडीचा भरंवसा, तीच घातक ठरली.

सर्वाधिक हानि झालेलीं ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं, किल्लारी त्यांतलेंच. तेथें रस्ते सरळ व रुंद आहेत, घरें हलक्या छपराचीं वा सिमेंटचीं. पुढें शास्त्रज्ञांनीं येथें खोल भोंक पाडलें, तेव्हां सुमारें ३३८ मीटर काळा पाषाण लागला, व त्याखालीं कोट्यवधि वर्षांपूर्वींचा अतिप्राचीन खडक. २००२ मध्यें भूकंपाचा नकाशाहि बदलला.

आज किल्लारीला स्मृतिस्तंभ आहे. दर वर्षीं ३० सप्टेंबरला तेथें लोक जमतात. मृतांचें स्मरण हें कर्तव्यच होय. परंतु महाराष्ट्रांत अजून असंख्य कुटुंबें दगडमातीच्या घरांतच राहतात. भिंतीचे दोन्ही पदर सांधणारे लांब दगड ठराविक अंतरावर घालणें, भिंतींवरून चारी बाजूंनीं पक्का पट्टा फिरविणें, माळवदावरची जादा माती उतरविणें, एवढ्यानेंहि पुष्कळ जीव वांचतील. हें काम गांवच्या गवंड्याला करतां येण्यासारखें आहे. आणि तें भूकंपापूर्वींच व्हावयास पाहिजे.