गोळी पोटात गेली का?



आरतीनंतरच्या कार्यक्रमात हिमोग्लोबिनचा विषय काढला म्हणून रागावू नका. आम्हा डॉक्टर भगिनींना आज गर्भारपणातल्या रक्तक्षयाबद्दल बोलायचं आहे, आणि ते गर्भवतीपेक्षा तिच्या घरच्यांशी जास्त. कारण तपासायला आलेल्या सुनेच्या पर्समध्ये लोहाच्या गोळ्यांची पाकिटं असतात, पण कित्येकदा ती तशीच भरलेली असतात.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयाच्या आढळल्या. हा आकडा फक्त गरीब वस्त्यांचा आहे असं समजू नका. हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय, 7 च्या खाली गेलं की तो गंभीर. मग बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याची भीती वाढते, आणि प्रसूतीत थोडासा जास्त रक्तस्रावही बाईला झेपत नाही.

"आम्ही तिला बीट, पालक, गूळ-शेंगदाणे देतो ना!" जरूर द्या. पण पूर्ण गर्भारपणात शरीराला सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं, आणि भाजीपाल्यातलं लोह अंगी फार थोडं लागतं. आधीच झालेली तूट नुसत्या ताटातून भरून निघत नाही.

सरकारी दवाखान्यातल्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. रक्त चांगलं असलं तरी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस. रक्तक्षय असेल तर रोज दोन. महिन्याने हिमोग्लोबिन एक ग्रॅमने तरी वाढायला हवं. गोळ्या घेऊनही वाढलं नाही, तर जंत, बी-12 ची कमतरता, थॅलेसेमिया यांचा शोध घ्यावा लागतो. दिवस भरत आले असतील किंवा गोळी सोसतच नसेल, तर शिरेतून लोह देता येतं. पण ते पहिले तीन महिने उलटल्यावर आणि रुग्णालयातच. 5 च्या खाली गेलं तर दाखल करून रक्त चढवण्याचीही वेळ येते.

आता आपल्या इंदूरच्या सकाळीकडे वळू. पोह्यांवर लिंबू पिळता ते उत्तम, लोह शोषायला मदतच होते. पण त्यामागून येणारा चहा घात करतो. गोळी आणि चहा यांत तास-दीड तास जाऊ द्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि सासूबाई, लोहाच्या गोळीने बाळ काळं होत नाही! बाळ अवाढव्य वाढून सिझर करावं लागतं, हेही खरं नाही. हे ऐकून सुना गोळ्या गुपचूप बंद करतात. माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ खावासा वाटला तर डोहाळे म्हणून कौतुक करत बसू नका. ते बऱ्याचदा लोह कमी पडल्याचं लक्षण असतं. त्याच आठवड्यात रक्त तपासा.

बारसं झालं की गोळ्या बंद होतात, हे आम्ही नेहमी पाहतो. बाळंतपणानंतरही 180 दिवस रोज एक गोळी चालू ठेवायची असते. पाकीट देवघराजवळ ठेवा, रोजच्या दिव्याबरोबर आठवण होईल. नवरोबांनी रिकामं पाकीट मोजलं तरी चालेल.

आता प्रश्न विचारा. अळिवाच्या लाडवांबद्दल विचारलं जाणार, हे आम्हाला ठाऊक आहे. बाळंतिणीला खुशाल द्या. पण गोळीच्या जोडीला, गोळीच्या बदल्यात नाही.