रिपोर्टमधली एक वजाबाकी

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आरती झाली आहे, मोदक आत झाकून ठेवले आहेत आणि मधल्या वेळात मी कोलेस्टेरॉलवर बोलायचं आहे. कार्यक्रम आखणाऱ्यांचा यात काही हेतू असावा अशी मला शंका आहे! मी डॉक्टर नाही. पदविका घेऊन रेल्वेत लागलेला, रुळांची मोजमापं करणारा माणूस आहे. त्यामुळे कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. आपल्या रक्ताच्या रिपोर्टमधला कोणता आकडा मोजलेला असतो आणि कोणता नुसता गणिताने काढलेला असतो, एवढंच सांगणार आहे.

तेल पाण्यात मिसळत नाही, तशीच चरबी रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर ती प्रथिनांच्या आवरणात घालून पाठवतं. या गोळ्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. माझ्या भाषेत या वॅगन. (जुने लोक वॅगनला वाघीण म्हणत, इथे ते नाव जास्त शोभतं.) कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड हा वॅगनमधला माल. एलडीएलच्या वॅगन रोहिणीच्या भिंतीत अडकतात आणि तिथे थर जमतो. कॅलिफोर्नियात बर्कलीला जॉन गॉफमन यांनी १९५०च्या सुमारास अतिशय वेगाने फिरणाऱ्या यंत्रात रक्तद्रव घालून या वॅगन घनतेप्रमाणे वेगळ्या केल्या, आणि हृदयविकाराशी त्यांचा संबंध दाखवला.

ते यंत्र महागडं आणि वेळखाऊ. गावोगावच्या प्रयोगशाळांना ते कुठून परवडणार? मग १९७२ साली फ्रिडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन या तिघांनी सोपं सूत्र दिलं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा, उरलं ते एलडीएल. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी अनेक ठिकाणी आजही एलडीएल असंच निघतं. रिपोर्टवर त्या आकड्यापुढे ‘कॅल्क्युलेटेड’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही.

सूत्र वाईट नाही. पण ट्रायग्लिसराइड जसं वाढतं तसा तो ‘पाचवा हिस्सा’ खोटा ठरू लागतो आणि एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसतं. चारशेच्या वर तर ते वापरूच नये, असं सूत्र देणाऱ्यांनीच सांगितलं होतं.

आता हे पंचकुल्यात का सांगायचं? तर आयसीएमआरने २००८ ते २०१० या काळात मधुमेहाची मोठी पाहणी केली. पहिल्या टप्प्यात चार प्रदेश घेतले: तामिळनाडू, झारखंड, महाराष्ट्र आणि चंदीगड. म्हणजे आपलं माहेर आणि सासर दोन्ही त्यात आलं! त्यातल्या सुमारे दोन हजार लोकांच्या रक्तातल्या चरबीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ७९ जणांचा निदान एक तरी आकडा बिघडलेला होता. ७२ जणांचं एचडीएल कमी होतं. आणि वाढलेल्या ट्रायग्लिसराइडमध्ये चारांत पहिला नंबर कुणाचा? चंदीगडचा, ३८.६ टक्के. आपण त्या शहराला लागून राहतो आणि तेच पराठे, तेच भटुरे खातो. म्हणजे ज्या भागात हे सूत्र सर्वांत जास्त फसण्याचा संभव, तिथेच आपण त्याच्या भरवशावर आहोत.

माझे थोरले बंधू भुसावळला असतात. त्यांना एकोणपन्नासाव्या वर्षी झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, आता बरे आहेत. मी पोहोचलो तेव्हा वहिनी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “भाऊजी, रिपोर्ट तर नॉर्मल होता हो!” चार महिन्यांपूर्वीचा तो कागद मी रुग्णालयाच्या बाकावर बसून वाचला. एकूण कोलेस्टेरॉल १९८, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड ३३०, एलडीएल ९८. शंभराच्या आत, म्हणून सगळे निर्धास्त. त्यांच्या परवानगीने हे आकडे सांगतो आहे, कारण यातच सगळं आलं.

त्या ९८चा हिशेब करा. १९८ वजा ३४ वजा ६६, बरोबर ९८. म्हणजे ट्रायग्लिसराइड जितकं जास्त, तितकं एलडीएल कागदावर कमी! आता दुसरी वजाबाकी करा, एकूणमधून फक्त एचडीएल वजा. १९८ वजा ३४, म्हणजे १६४. याला नॉन-एचडीएल म्हणतात. भिंतीला त्रास देणाऱ्या सगळ्या वॅगनमधलं कोलेस्टेरॉल यात येतं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये नियमावली दिली. तीत ज्यांना फारसा धोका नाही त्यांच्यासाठीही एलडीएल शंभराखाली आणि नॉन-एचडीएल १३० खाली हवं असं म्हटलं आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर मर्यादा ७० आणि १००. झटका येऊन गेलेल्यांना ५५ आणि ८५. ट्रायग्लिसराइड दीडशेच्या वर असेल, तर लक्ष्य नॉन-एचडीएलचं धरावं असंही तीत आहे. दादांचं १६४ होतं. या वजाबाकीला एक पैसाही जादा लागत नाही, उपाशीपोटी रक्त देण्याची सक्तीही नाही.

याहून नेमकं हवं असेल तर अपोबी नावाची तपासणी आहे. आमच्याकडे मालगाडीचं वजन वेगळं मोजतात आणि डबे वेगळे मोजतात. एलडीएल कोलेस्टेरॉल हे मालाचं वजन. पण भिंतीला धोका डब्यांच्या संख्येचा, आणि प्रत्येक डब्यावर अपोबीचा एकच रेणू असतो. रेणू मोजले की डबे मोजले गेले. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसात डबे लहान, माल थोडा आणि संख्या मोठी असं होतं, म्हणून वजन पाहून फसायला होतं.

हृदयविकार आपल्याकडे लवकर येतो हेही मोजलेलं आहे. इंटरहार्ट या जगभरच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी आला, इतर देशांत जवळपास ५९व्या. २००७ सालच्या त्या लेखाचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. मघाशी सांगितलेल्या २०१४च्या लेखाचे पहिले लेखक मुंबईचे डॉ. शशांक जोशी. आपल्या मंडळातल्या जोश्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही, मात्र आधी रक्त तपासून!

आणखी एक तपासणी सांगतो, लायपोप्रोटीन-ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी ती वॅगन १९६३ मध्ये शोधली. हिचं प्रमाण आईवडिलांकडूनच ठरून येतं. पथ्य, व्यायाम यांनी ते फारसं हलत नाही, नेहमीच्या स्टॅटिनच्या गोळीनेही नाही. मग तपासून उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग असा की हे जास्त असेल तर बाकीचे आकडे अधिक कडक ठेवावे लागतात. २०२४ची नियमावली म्हणते, प्रत्येकाने एकदा तरी करावी, ५० मिलिग्रॅमच्या वर गेली तर धोका. दादांची ९२ निघाली. मग मी केली, ७१. एकाच आईबापाची लेकरं. माझी गोळी त्यानंतर डॉक्टरांनी सुरू केली. रिपोर्ट पाहताना एकक मात्र बघा. काही प्रयोगशाळा नॅनोमोलमध्ये देतात, त्यात हीच मर्यादा साधारण १२५ असते.

रुळाचं आयुष्य आम्ही नुसत्या वर्षांत मोजत नाही, त्यावरून किती टन वाहतूक गेली त्यात मोजतो. रोहिणीचंही तसंच आहे. किती आहे याइतकंच किती वर्षं आहे याला महत्त्व. म्हणून पहिली तपासणी १८व्या वर्षीच करा, घरात कुणाला तरुणपणी झटका आला असेल तर त्याआधी, असं ही नियमावली सांगते. दादांच्या मुलाची झाली. माझ्या मुलीची दिवाळीच्या सुट्टीत करणार आहोत, तिला सुईची भीती वाटते म्हणून आई बरोबर जाणार आहे.

ज्यांनी आपले जुने रिपोर्ट आणले आहेत त्यांनी मोदक झाल्यावर माझ्याकडे या. नॉन-एचडीएल काढून कागदावर लिहून देतो. पुढचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. पेन माझ्याकडे आहे, चष्मा तुमचा आणा.

गणपती बाप्पा मोरया!